‘ही’ आणि ‘च’ : एका अक्षराने गेलेला कारभार



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो संतांवर नाही तर नाट्यसंगीतावर बोलणार, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. आज मात्र मी एका यांत्रिक विषयावर बोलणार आहे. युनिक्स कुळातल्या संगणकावर कारभार पाहण्याचा अधिकार एखाद्याच्या हातून चुकून गेला, तर तो परत कसा मिळवायचा, हा तो विषय. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आम्हांला व्याकरण शिकवीत. या विषयाचा गाभा व्याकरणाचाच आहे असे माझे मत झाल्यामुळे त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून तो मांडण्याचे धाडस करतो आहे.

निमित्त या शाळेतच घडले. आपल्या शाळेची हस्तलिखित वार्षिके आपणांपैकी अनेकांना आठवत असतील. ताव जोडून, बोरूने आणि पुढे शाईच्या पेनाने लिहिलेली, जलरंगांची चित्रे असलेली ही वार्षिके माजी विद्यार्थी संघाने घरोघरून गोळा केली आणि त्यांची पाने संगणकात उतरवून घेण्यास आरंभ केला. त्या समितीवर मीही होतो. काही वार्षिके इतकी जीर्ण होती की पान एकदा उलटले की दुसऱ्यांदा उलटण्याची शाश्वती नव्हती. काही मालकांनी ती आठ दिवसांच्या बोलीने दिली होती आणि त्यांना ती परतही गेली होती. म्हणजे संगणकात उतरलेली प्रत हीच आता पुष्कळ पानांची एकमेव हाती राहिलेली प्रत होती. हे काम उबुंटू नावाच्या यंत्रणेवर चाले. ही लिनक्सची एक आवृत्ती, आणि लिनक्स म्हणजे युनिक्सच्या घराण्याची रीत पाळणारी यंत्रणा.

२०२२ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी, हे काम सांभाळणाऱ्या आमच्या तरुण माजी विद्यार्थ्याला स्कॅनर चालेना. ते यंत्र वापरण्यासाठी ‘स्कॅनर’ नावाच्या गटात आपले नाव असावे लागते, असे त्याने कुठेसे वाचले आणि त्याप्रमाणे आज्ञा दिली. आज्ञेचे नाव ‘यूजरमॉड’. तिच्यापुढे वजाचे चिन्ह, मोठ्या लिपीतले इंग्रजी ‘जी’ हे अक्षर, मग गटाचे नाव आणि शेवटी स्वतःचे नाव. संगणकाने हूं की चूं केले नाही. युनिक्सची ही जुनी चाल आहे : काम फत्ते झाले की ती मौन पाळते, बोलते ती काही बिनसले तरच. त्याने समाधानाने संगणक बंद केला आणि तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी स्कॅनर सुरू झाला, परंतु कारभाराची कुठलीच आज्ञा चालेना. दरवेळी एकच उत्तर : आपले नाव अधिकाऱ्यांच्या यादीत नाही, आणि या प्रकाराची खबर देण्यात येईल. खबर कोणाला देणार? तर यंत्राच्या कारभाऱ्याला. आणि त्या यंत्राचा एकमेव कारभारी तर तोच होता, जो कालपर्यंत होता आणि आज नव्हता.

काय झाले होते ते मी मराठीत सांगतो, कारण मराठीत ते जितके स्वच्छ सांगता येते तितके मला इंग्रजीतही सांगता आलेले नाही. आपल्या व्याकरणात ‘ही’ आणि ‘च’ ही दोन शुद्ध शब्दयोगी अव्यये आहेत. मूळ शब्दाच्या रूपात ती काडीचा फरक करीत नाहीत, पण वाक्याचा अर्थ फिरवतात. ‘हा स्कॅनरच्या गटातही आहे’ आणि ‘हा स्कॅनरच्या गटातच आहे’ ही दोन वाक्ये घ्या. पहिल्यात त्याची बाकीची सगळी नाती शाबूत राहतात आणि एक नवे जोडले जाते. दुसऱ्यात हे एक नाते राहते, बाकीची तुटतात. ‘यूजरमॉड’ या आज्ञेतले मोठे ‘जी’ एकटे आले तर त्याचा अर्थ ‘च’ असा होतो. त्याच्या जोडीला धाकट्या लिपीतले ‘ए’ आले, म्हणजे जोडणे या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदाचे आद्याक्षर आले, की अर्थ ‘ही’ असा होतो. आमच्या विद्यार्थ्याच्या मनात ‘ही’ होते आणि यंत्राने ‘च’ ऐकले. त्याबरोबर तो ज्या ज्या गटांत होता त्या सगळ्यांतून त्याचे नाव गळाले, आणि त्यांतच कारभाराचा अधिकार देणारा ‘सुडो’ हा गट होता.

येथे एक अवांतर गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. संस्कृतात ‘च’ म्हणजे ‘आणि’. राम आणि लक्ष्मण यांना जोडणारा तो ‘च’. मराठीतला ‘च’ मात्र त्या वंशातला नाही. त्याचे नाते महाराष्ट्री प्राकृतातल्या ‘च्चिअ’, ‘च्चेअ’ या निश्चयार्थी अव्ययांशी आहे. म्हणजे दिसायला तेच अक्षर, पण संस्कृतात ते जोडते आणि मराठीत इतरांना वगळते. तेव्हा एखाद्याने त्या आज्ञेचा अर्थ उलटा लावला म्हणून त्याला दोष देण्याआधी आपण जरा थांबावे.

आता हे गट आले कोठून, हे थोडे सांगितले पाहिजे. युनिक्सचा जन्म १९६९ चा, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, बेल प्रयोगशाळेत. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे तिचे प्रमुख कर्ते. एकाच संगणकावर अनेकांनी काम करायचे म्हणजे कोणाच्या कागदाला कोणी हात लावायचा याचे नियम हवेत. १९७१ च्या नोव्हेंबरात तिचे पहिले नियमपुस्तक तयार झाले. त्यातही फाइलींचे हक्क बदलण्याची ‘सीएचमॉड’ ही आज्ञा आहे आणि सर्वाधिकारी होण्याची ‘एस-यू’ ही आज्ञाही आहे. त्या सर्वाधिकाऱ्याचा क्रमांक शून्य. त्याला ‘रूट’ म्हणजे मूळ म्हणतात. हक्कांचे सगळे नियम इतरांना लागू, शून्य क्रमांकाला नाहीत. बाकी प्रत्येक फाइलीवर तीन प्रकारच्या माणसांचे हक्क लिहिलेले असतात : मालक, मालकाचा गट आणि उरलेले जग. प्रत्येकाला वाचणे, लिहिणे आणि चालवणे असे तीन हक्क.

आरंभीच्या काळात माणूस एका वेळी एकाच गटात वावरू शके. दुसऱ्या गटात जायचे तर पहिल्यातून निघावे लागे. बर्कली विद्यापीठातून १९८३ साली जी युनिक्सची आवृत्ती बाहेर पडली तिने ही अट काढली आणि एका माणसाला एकाच वेळी अनेक गटांत राहण्याची मुभा दिली. माझ्या भाषेत सांगायचे तर १९८३ पर्यंत युनिक्सला फक्त ‘च’ ठाऊक होते, त्या साली ती ‘ही’ शिकली.

पण गटात नाव असल्याने शून्य क्रमांकाचा अधिकार कसा मिळतो? येथे रिची यांची एक कल्पना कामाला येते. काही कार्यक्रम असे असतात की ते चालवणारा कोणीही असो, चालताना त्यांच्या अंगी मालकाचा अधिकार असतो. पेशव्यांच्या मुद्रेवर छत्रपतींचे नाव असे. शिक्का उमटवणारा हात प्रधानाचा, अधिकार मात्र सातारच्या गादीचा. तशातलीच ही गोष्ट. या कल्पनेचे पेटंट रिची यांच्या नावे १९७९ साली मंजूर झाले आणि पुढे ते सर्वांना खुले करण्यात आले. ‘सुडो’ हा असाच शिक्का आहे. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो येथील विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी तो प्रथम रचला. सर्वाधिकाऱ्याचा संकेतशब्द कोणालाही न देता ठरावीक माणसांना त्याच्या नावाने काम करू द्यायचे, ही त्याची योजना. म्हणजे एक प्रकारचे मुखत्यारपत्रच. २००४ साली उबुंटू आली तेव्हा तिने आणखी एक पाऊल टाकले. सर्वाधिकाऱ्याच्या संकेतशब्दाला कुलूपच घातले आणि यंत्रणा बसवताना जो पहिला माणूस नाव नोंदवील त्याला मुखत्यार केले. व्यवस्था उत्तम आहे. तिच्यात फट एवढीच, की मुखत्यार एकच असेल आणि त्याने स्वतःचेच नाव खोडले, तर ते पुन्हा लिहिण्याचा अधिकार आतल्या कोणाकडेही उरत नाही.

इंग्रजीत या मुखत्याराला ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणतात. मराठीत कोणी ‘प्रशासक’ म्हणतात, पण तो शब्द मला रुचत नाही. आपल्याकडे बँकेवर किंवा नगरपालिकेवर प्रशासक नेमला जातो तो तिथल्या निवडून आलेल्या मंडळींना घरी पाठवल्यावर. ज्या नगरीच्या संस्थानाने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ काढून कारभाराच्या इंग्रजी संज्ञांना आपल्या भाषांतले प्रतिशब्द दिले, त्या नगरीत बसून मी ‘कारभारी’ हा साधा शब्द वापरतो. तो घरातही चालतो आणि दरबारातही.

पुन्हा शाळेच्या यंत्राकडे. कारभार गेल्याचे कळल्यावर जी घबराट उडाली तिचे वर्णन करीत नाही. बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याने पाहून सांगितले की सगळे पुसून यंत्रणा नव्याने बसवावी लागेल, दुपारपर्यंत करून देतो. समितीतले दोघे त्याला राजीही झाले होते. ‘सगळे पुसून’ या दोन शब्दांत चाळीस वार्षिके होती. त्या दुरुस्तीवाल्याला ती काय असतात हे ठाऊक नव्हते, आणि ते त्याला ठाऊक असावे अशी अपेक्षाही नाही. समितीने मात्र होकार देण्यापूर्वी एवढे तरी विचारायला हवे होते की पुसायचे म्हणजे नेमके काय पुसायचे.

या घटनेत एक भेद कोणाच्या लक्षात येत नव्हता. अधिकार गेला होता, मालकी गेली नव्हती. तो विद्यार्थी आपल्या नावाने आत जाऊ शकत होता. त्याने उतरवलेली पाने त्याच्याच मालकीची होती आणि ती वाचण्याला किंवा त्यांची नक्कल करण्याला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. नवा कार्यक्रम बसवणे, दुसऱ्याच्या फाइली उघडणे, गटांत नावे घालणे एवढेच बंद झाले होते. म्हणून पहिले काम अधिकार परत मिळवण्याचे नव्हे, तर जे हाताला लागते त्याची बाहेरच्या तबकडीवर नक्कल घेण्याचे. ते एका दुपारीत झाले. दोन स्वयंसेवकांनी आपापल्या नावाखाली ठेवलेली पाने तेवढी कुलपाआड राहिली, कारण ती दोघेही परगावी होती.

त्याने आदल्या संध्याकाळी संगणक बंद केला नसता तर प्रकरण तिथेच मिटले असते. गटांतला बदल लागू होतो तो माणूस नव्याने आत येतो तेव्हा. चालू बैठकीत त्याचे जुने सभासदत्व तसेच राहते आणि सहसा ‘सुडो’ ते मानतो. म्हणून असा संशय येताच बैठक मोडू नये. ‘आयडी’ ही आज्ञा नुसती दिली तर चालू बैठकीतले गट दिसतात, पुढे आपले नाव लिहून दिली तर नोंदवहीतले गट दिसतात. दोहोंत तफावत आढळली तर कारभार हातचा जाण्याआधीची ती शेवटची घटका समजावी आणि त्याच बैठकीत दुरुस्ती करावी.

आमच्याकडे ती घटका टळून गेली होती. तेव्हा राहिला मार्ग यंत्राच्या उंबरठ्यावरचा. संगणक सुरू होताना, मुख्य यंत्रणा जागी होण्यापूर्वी, ‘ग्रब’ नावाचा एक द्वारपाल क्षणभर उभा असतो. जुन्या यंत्रांत शिफ्टची कळ दाबून धरली किंवा नव्या यंत्रांत एस्केपची कळ वेळेवर दाबली की तो आपली यादी दाखवतो. तीत प्रगत पर्यायांखाली ‘रिकव्हरी’ ही नोंद असते. ती निवडली आणि पुढच्या यादीत ‘रूट’ निवडले की उबुंटूत समोर थेट शून्य क्रमांकाची गादी येते. संकेतशब्दाला कुलूप असल्यामुळे ती तो विचारतही नाही. काही भावंड यंत्रणा या ठिकाणी अडून बसतात. त्यांच्यासाठी द्वारपालाच्या यादीतली ओळच तात्पुरती बदलावी लागते, किंवा दुसऱ्या तबकडीवरून यंत्र सुरू करून आतली तबकडी बाहेरून उघडावी लागते.

गादीवर बसले तरी आणखी एक अडसर असतो. या अवस्थेत तबकडी केवळ वाचण्यापुरती उघडलेली असू शकते. पोथी वाचा, पण तिला लेखणी लावू नका, अशी. म्हणून आधी ‘माउंट’ या आज्ञेने ती लिहिण्यासाठी पुन्हा उघडायची. त्यानंतर लगेच दुरुस्तीला धावू नये. ‘ईटीसी’ या दालनात ‘ग्रुप’ नावाची नोंदवही असते आणि तिच्या शेजारी तेच नाव व पुढे वजाचे चिन्ह असलेली दुसरी. ही दुसरी म्हणजे शेवटच्या बदलापूर्वीची नक्कल, यंत्रणेने स्वतः ठेवलेली. चुकीनंतर गटांत दुसरा कोणताही बदल झालेला नसेल तर माणूस पूर्वी कोणकोणत्या गटांत होता ते तीत जसेच्या तसे सापडते. पण आपण दुरुस्तीची आज्ञा दिली की तीही एक बदल ठरते, आणि त्या नकलेच्या जागी चुकीची यादी येऊन बसते. म्हणून आधी ती वाचून कागदावर उतरवून घ्यावी. आमच्या विद्यार्थ्याचे नाव केवळ ‘सुडो’तून गेले नव्हते. छपाईयंत्रांची व्यवस्था पाहणाऱ्या आणि यंत्राच्या नोंदी वाचणाऱ्या गटांतूनही गेले होते. अधिकार परत आल्याच्या आनंदात ही बारीकसारीक नावे राहून जातात आणि महिन्याभराने छपाई का होत नाही म्हणून पुन्हा शोधाशोध होते.

मग ती आज्ञा, या वेळी ‘ए’सकट. यंत्र पुन्हा सुरू केले, तो आत आला, ‘आयडी’ दिली, गट जागच्या जागी. चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. पण तिथवर पोहोचायला आम्हांला पाच दिवस लागले होते.

चुकून गेलेला अधिकार आणि कोणी हिसकावलेला अधिकार यांत फरक असतो. दुसऱ्या प्रकाराचे एक उदाहरण संगणकाच्या इतिहासात नोंदलेले आहे. १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत काही जणांनी ट्वेनेक्स या यंत्रणेच्या चालकाचा संकेतशब्द बदलला आणि तो इतरांपासून लपवून सगळी सत्ता आपल्याकडे घेतली. रिचर्ड स्टॉलमन यांनी यंत्रणेच्या गाभ्यातच फेरफार करून तो डाव मोडला आणि सत्ता सर्वांना परत मिळवून दिली. युनिक्सवर हे कसे करावे हे आपल्याला ठाऊक नाही, असेही त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवले. बर्कलीच्या युनिक्समध्ये ‘व्हील’ नावाचा गट असे आणि त्यात नाव असलेल्यांनाच सर्वाधिकारी होता येई. संकेतशब्द कळला तरी इतरांना दार बंद. ही बारभाई स्टॉलमन यांना इतकी खटकली की त्यांनी आपल्या ‘एस-यू’ या आज्ञेत ‘व्हील’ला थारा दिला नाही आणि त्याची कारणे तिच्या माहितीपुस्तिकेतच छापली. मला व्यक्तिशः त्यांची बाजू अर्धीच पटते. बारभाईंनी १७७४ साली जे केले ते राज्य राखण्यासाठी होते. कारभारी मोजके असावेत. फक्त मोजके म्हणजे एक नव्हे.

हक्कांच्या बाबतीत आणखी एक चूक नेहमी घडते आणि ती याहून दुर्धर आहे. एखादी फाइल उघडेना म्हणून वैतागून माणूस ‘सीएचमॉड’ला सांगतो की मुळापासून सगळ्यांना सगळे हक्क दे. आकड्यांत तो हुकूम ‘७७७’ असा लिहितात. वाटते की आता सगळी दारे उघडतील. होते उलटेच. ‘सुडो’ची यादी कोणालाही लिहिता येते असे दिसले की ‘सुडो’ तिच्यावर विश्वास ठेवायचे नाकारतो. त्या आकड्याने त्याच्या अंगचा मालकाचा शिक्काही पुसला जातो. दुरून यंत्रात शिरण्याची खासगी किल्ली सर्वांना वाचता येते असे दिसले की तीही अमान्य होते. सढळ हाताने दिलेले हक्कच दार बंद करतात. आणि येथे ‘ए’ जोडून भागत नाही. पहिल्या चुकीत एका नोंदवहीतल्या मोजक्या ओळी बदलतात आणि त्यांची नक्कल शेजारी असते. दुसऱ्या चुकीत लाखो फाइलींपैकी प्रत्येकीचे मूळ हक्क काय होते ही माहितीच नष्ट होते. रेड हॅटच्या कुळातल्या यंत्रणा आपल्या कार्यक्रमांपुरती ती माहिती वेगळी जपतात आणि ‘आरपीएम’ या साधनाने बरेचसे पूर्ववत करता येते. इतरत्र आपली पाने वाचवून यंत्रणा नव्याने बसवणे हेच शहाणपणाचे. त्या वेळी मात्र दुरुस्तीवाल्याचे म्हणणे खरे ठरले असते.

आपल्यापैकी काहींच्या मनात प्रश्न आला असेल की द्वारपालापाशी चार कळा दाबून जर कोणीही गादीवर बसू शकतो, तर त्या कुलपाला अर्थ काय? अर्थ असा, की ते कुलूप दुरून येणाऱ्यासाठी आहे. यंत्र ज्याच्या हातात त्याला युनिक्स अखेर मालक मानते. ज्यांना हे नको ते द्वारपालालाही संकेतशब्द लावतात, आणि त्याहून पक्के म्हणजे सबंध तबकडी सांकेतिक रूपात ठेवतात. मग यंत्र चोरीला गेले तरी पाने वाचता येत नाहीत. पण तो परवलीचा शब्द हरवला तर मालकालाही वाचता येत नाहीत, आणि त्या वेळी कोणीही कारागीर किंवा कंपनी उपयोगी पडत नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या संस्थांना याचा विचार निकडीने करावा लागणार आहे. आपल्याकडे काम करणारी माणसे थोडी. ग्रंथालय असो, मंडळ असो, शाळा असो, संगणकाचे सगळे एकाच तरुणाला ठाऊक असते. तो नोकरीसाठी पुण्याला किंवा परदेशी जातो, आणि त्याच्याबरोबर परवलीचा शब्दही जातो. जुन्या कपाटाची किल्ली हरवली तर आपण लोहार बोलावत होतो. सांकेतिक तबकडीला लोहार नाही.

समितीने त्यानंतर जी व्यवस्था लावली ती सांगतो, ज्यांना उपयोगी वाटेल त्यांनी घ्यावी. वार्षिकांच्या आता तीन नकला आहेत, त्यांपैकी एक शाळेच्या आवाराबाहेर. यंत्रावर दोन कारभारी आहेत, दोन वेगळ्या नावांनी. दुसरे खाते रोज वापरायचे नाही. तिमाहीतून एकदा त्यातून आत जाऊन ते चालते एवढे पाहायचे. ‘सुडो’ची यादी बदलायची झाल्यास ती साध्या संपादकात न उघडता ‘विसुडो’ या आज्ञेने उघडायची, कारण ती आज्ञा लिहिण्यातली चूक यादी लागू होण्यापूर्वीच दाखवते. आणि मुख्याध्यापिकांच्या तिजोरीत एक लाखबंद लिफाफा आहे. त्यात दोन्ही खात्यांची नावे, तबकडीचा परवलीचा शब्द आणि द्वारपालापासून ‘आयडी’पर्यंतच्या सगळ्या पायऱ्या एका कागदावर लिहिल्या आहेत. कागद मी माझ्या हाताने मराठीत लिहिला आहे. आज्ञा तेवढ्या रोमन लिपीत आहेत, आणि मोठ्या ‘जी’च्या आधीचे धाकटे ‘ए’ तांबड्या शाईने.